सार्वमत, पार्लमेंट आणि हुजूर पक्ष

कायद्याच्या विद्यार्थ्याला इंग्लंडच्या राज्यघटनेविषयी जे पहिले सूत्र पढविले जाते ते हे की, तेथे पार्लमेंट सार्वभौम आहे. त्याला करता येणार नाही असा कायदा नाही, आणि त्याने केलेला कायदा रद्द करील असे न्यायालय नाही. हे सूत्र ज्या प्रोफेसर डायसीच्या नावावर मोडते, त्यानेच १८९० साली लेख लिहून इंग्लंडात सार्वमताची पद्धत आणावी असे सुचविले होते, ही गोष्ट मात्र वर्गात सहसा सांगितली जात नाही. आयर्लंडला स्वराज्य देण्याचा ग्लॅडस्टनचा बेत डायसीला मुळीच पसंत नव्हता. पार्लमेंट तो एखादे दिवशी मंजूर करून बसेल अशी धास्ती वाटू लागली, तेव्हा पार्लमेंटच्या सार्वभौमत्वाच्या या थोर भाष्यकाराला पार्लमेंटवर लोकांचा अंकुश हवासा वाटू लागला. सभागृहात हरण्याची भीती असलेल्याने जनतेकडे धाव घ्यावयाची, हा सार्वमताच्या इंग्रजी इतिहासातला अगदी आरंभीचा प्रकार होय.

पुढे १९४५ साली चर्चिलने युद्धकालीन संयुक्त मंत्रिमंडळाची मुदत वाढविण्यासाठी सार्वमत घ्यावे असे सुचविले, तेव्हा ॲटलीने ते साफ फेटाळले. हे साधन आमच्या परंपरेला परके आहे आणि हुकूमशहांनी ते वापरून बदनाम केले आहे, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. त्याच ॲटलीच्या मजूर पक्षाने तीस वर्षांनी ते साधन हाती घेतले. ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात शिरले ते १ जानेवारी १९७३ रोजी, हुजूर पक्षाच्या एडवर्ड हीथच्या कारकीर्दीत. त्यापूर्वी १९६३ आणि १९६७ अशी दोनदा जनरल द गॉलने त्याच्या तोंडावर दार लावले होते. १९७४ साली अधिकारावर आलेल्या हॅरॉल्ड विल्सनचा पक्ष या प्रश्नावर उभा दुभंगलेला होता. मंत्रिमंडळात १६ विरुद्ध ७ अशी फूट होती. मग मंत्र्यांना परस्परविरुद्ध प्रचार करण्याची मुभा देऊन विल्सनने ५ जून १९७५ रोजी देशाचा कौल घेतला. ६७ टक्के मतदारांनी समुदायात राहण्याच्या बाजूने मत दिले. विल्सनचा पक्ष तरला, मंत्रिमंडळ तरले, आणि राजकारणी मंडळींच्या मनात एक समजूत घर करून बसली की, पक्षातले भांडण विझवावयाचे तर देशाला मतपेटीपाशी न्यावे.

१९७५ च्या या यशात एक अट दडलेली होती, तिच्याकडे पुढच्यांनी लक्ष दिले नाही. त्या वेळी लोकांपुढे जे ठेवले होते ते ठरलेले, लिहिलेले आणि पार्लमेंटने आधीच मान्य केलेले होते. विल्सनने अटींची फेरबोलणी करून घेतली, सभागृहाने त्या संमत केल्या, आणि त्यानंतर मतदार बोलला. 'होय' म्हटल्यास काय होईल हे दिसत होते, कारण ते दोन वर्षे घडतच होते.

आता हुजूर पक्षाकडे वळू. या पक्षाची ख्याती सत्तेसाठी मतभेद पोटात घालणारा पक्ष अशी आहे, आणि ती बहुतांशी खरीही आहे. परंतु परदेशांशी व्यापार कोणत्या अटींवर करावयाचा हा प्रश्न निघाला की त्याच्या पोटातले सारे वर येते, असा दोनशे वर्षांचा अनुभव आहे. १८४६ साली सर रॉबर्ट पीलने धान्यावरील जकातीचे कायदे रद्द केले, ते विरोधकांच्या मतांच्या बळावर. त्याच्या स्वतःच्या पक्षातील बहुसंख्य सभासद डिझरायलीच्या मागे उभे राहून त्याच्याविरुद्ध मत देते झाले. कायदा झाला, पील गेला, आणि पक्षाला कॉमन्स सभेत पुन्हा निर्भेळ बहुमत मिळावयाला १८७४ साल उजाडावे लागले. १९०३ मध्ये जोसेफ चेंबरलेनने साम्राज्यांतर्गत जकातसवलतींचा झेंडा उभारला. त्याचे पर्यवसान १९०६ च्या दाणादाणीत झाले. माजी पंतप्रधान बाल्फोर स्वतःच्या मतदारसंघात पडला. तिसरा घाव युरोपचा. १९९० साली मार्गारेट थॅचर यांचा पाडाव झाला त्याला इतरही कारणे होती. तथापि सर जेफ्री हाउ यांनी राजीनाम्यानंतर सभागृहात केलेले भाषण युरोपविषयीच होते, आणि पहिल्या फेरीत बाईंना २०४ मते मिळूनही नियमाप्रमाणे लागणारे आधिक्य चार मतांनी हुकले. त्यांच्यामागून आलेल्या जॉन मेजर यांना मास्ट्रिख्टच्या तहासाठी स्वतःचे सरकार पणाला लावावे लागले.

येथे पक्षनेता निवडण्याच्या रीतीविषयी थोडे सांगावयास हवे, कारण पुढच्या रामायणाचे मूळ त्यात आहे. १९६५ पर्यंत हुजूर पक्षात नेत्याची निवडणूक अशी होतच नसे. वडीलधारी मंडळी आपसात कानोसा घेत आणि नेता 'उदय' पावे. १९६३ साली ॲलेक डग्लस-होम असेच उदय पावले आणि त्यावरून इतकी कुजबूज झाली की पुढे पार्लमेंटातील सभासदांनी गुप्त मतदान करावे असा नियम झाला. १९९८ मध्ये विल्यम हेग यांनी तो बदलला. पार्लमेंटातील सभासदांनी दोन नावे निवडावयाची आणि अखेरची निवड देशभरच्या वर्गणीदार सभासदांनी करावयाची, असे ठरले. नेत्याला हटविण्याचा अधिकार मात्र पार्लमेंटातील सभासदांपाशीच राहिला. त्यांच्यापैकी १५ टक्क्यांनी १९२२ कमिटीच्या अध्यक्षाकडे पत्रे धाडली की विश्वासाचे मतदान व्हावयाचे. नेमणारा एक आणि काढणारा दुसरा अशी ही व्यवस्था. आपल्याकडे एखाद्या सहकारी संस्थेने असा पोटनियम केला असता तर निबंधकाने तो बहुधा परत पाठविला असता.

डेव्हिड कॅमेरन यांनी २३ जानेवारी २०१३ रोजी सार्वमताचे आश्वासन दिले ते या पार्श्वभूमीवर. मागच्या बाकांवरचे सभासद बंडाच्या पवित्र्यात होते आणि निगेल फराज यांचा पक्ष हुजुरांची मते पळवीत होता. २०१५ च्या निवडणुकीत कॅमेरन यांना बहुमत मिळाले आणि आश्वासन पाळण्याची वेळ आली. विल्सनचाच कित्ता त्यांनी गिरविला: फेरबोलणी, मंत्र्यांना मुभा, आणि कौल. परंतु प्रश्न उलटा झाला होता. १९७५ मध्ये बदल मागणाऱ्यांनाही आपण कोठे परतणार ते ठाऊक होते. २०१६ मध्ये 'राहणे' म्हणजे काय हे स्पष्ट होते. 'सोडणे' म्हणजे काय हे कोणी लिहून दिले नव्हते. एकसंध बाजारपेठेत राहून सोडावयाचे की तीही सोडावयाची? जकातसंघ सोडावयाचा की ठेवावयाचा? सोडण्याच्या बाजूच्या वक्त्यांत यावर एकमत नव्हते, आणि एकमत नसणे हेच त्यांचे बळ होते; प्रत्येक मतदाराला आपापल्या मनातला ब्रेक्झिट त्या एका शब्दात ठेवता आला. कायद्यानेही हा कौल केवळ सल्ल्यादाखल होता. किती आधिक्य हवे, चारही घटक देशांची संमती हवी की काय, याविषयी २०१५ च्या कायद्यात अक्षर नव्हते.

आपल्या वाचकांना येथे १६ जानेवारी १९६७ ची आठवण होणे साहजिक आहे. आमच्या राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. गोव्यासाठी १९६६ साली संसदेने खास कायदा करून जनमत कौल घेतला. त्याचा निकाल काहींना गोड लागला आणि काहींना अजूनही लागत नाही, आणि या मासिकाच्या वाचकवर्गात दोन्ही बाजूंची घराणी आहेत; तो वाद मी उकरून काढीत नाही. वकिलाच्या नजरेने पाहता मात्र त्या कौलाची बांधणी लंडनच्या कौलापेक्षा काटेकोर होती हे नमूद करावेसे वाटते. फूल आणि दोन पाने अशा दोन चिन्हांपुढे दोन ठरलेल्या गोष्टी होत्या: महाराष्ट्रात विलीनीकरण, अथवा केंद्रशासित प्रदेश म्हणून राहणे. दोन्हींचा कायदेशीर अर्थ ज्ञात होता. कौलापूर्वी बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, म्हणजे पंच आणि खेळाडू एकच असा आक्षेप उरला नाही. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. पुढे त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत विलीनीकरणवादी बांदोडकरांचा पक्षच पुन्हा निवडून आला. प्रश्न वेगळा आणि राज्यकर्ता वेगळा, हा भेद गोव्याच्या मतदाराने सहज केला.

ब्रिटनमध्ये तसे घडले नाही. २३ जून २०१६ रोजी ७२ टक्के मतदान झाले. सोडण्याच्या बाजूने १ कोटी ७४ लाख, राहण्याच्या बाजूने १ कोटी ६१ लाख. इंग्लंड आणि वेल्स सोडण्याच्या बाजूचे. स्कॉटलंड ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंड जवळजवळ ५६ टक्के राहण्याच्या बाजूचे. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरन यांनी राजीनाम्याची घोषणा केली. वारसाहक्काच्या लढाईत मायकेल गोव्ह यांनी ऐनवेळी बोरिस जॉन्सन यांची साथ सोडली, जॉन्सन यांनी माघार घेतली, आणि अखेर प्रतिस्पर्धीच न उरल्याने थेरेसा मे १३ जुलै रोजी पंतप्रधान झाल्या. राहण्याच्या बाजूने मत दिलेल्या बाईंच्या गळ्यात सोडण्याचे काम पडले.

विरोधी बाकांवरही निराळी स्थिती नव्हती. मजूर पक्षाच्या पार्लमेंटातील सभासदांनी जेरेमी कॉर्बिन यांच्यावर १७२ विरुद्ध ४० मतांनी अविश्वास दाखविला. कॉर्बिन हलले नाहीत. विद्यमान नेत्याला फेरनिवडणुकीसाठी सभासदांची अनुमोदने लागतात काय, हा मुद्दा हायकोर्टात गेला आणि लागत नाहीत असा निकाल झाला. सप्टेंबरात वर्गणीदार सभासदांनी कॉर्बिन यांना सुमारे ६२ टक्के मतांनी पुन्हा निवडले.

मे बाईंच्या सरकारची पहिली ठेच कोर्टातच लागली. युरोपीय संघाच्या तहातील पन्नासावे कलम, जे लिहिण्यात लॉर्ड केर या ब्रिटिश मुत्सद्द्याचाच मोठा हात होता, त्याखाली नोटीस दिली की दोन वर्षांची मुदत सुरू होते. ही नोटीस आपण राजसत्तेच्या खास अधिकारात, पार्लमेंटला न विचारता देऊ शकतो असे सरकारचे म्हणणे होते. जीना मिलर या बाईंनी त्याला आव्हान दिले. १९७२ च्या कायद्याने नागरिकांना जे हक्क पार्लमेंटने दिले ते मंत्र्यांना आपल्या सहीने काढून घेता येतील काय, हा खरा प्रश्न होता. २४ जानेवारी २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध ३ मतांनी 'नाही' असे उत्तर दिले. त्यापूर्वी हायकोर्टाने तेच म्हटले तेव्हा एका मोठ्या खपाच्या दैनिकाने तिघा न्यायाधीशांची छायाचित्रे छापून त्यांना लोकांचे शत्रू ठरविले होते. पार्लमेंटचे सार्वभौमत्व परत आणण्यासाठी ज्यांनी चळवळ केली, त्यांनाच पार्लमेंटला विचारा असे सांगणारा न्यायाधीश शत्रू वाटावा, याला काय म्हणावे?

नोटीस २९ मार्च २०१७ रोजी गेली. पाठोपाठ मे यांनी बहुमत वाढविण्यासाठी निवडणूक घेतली आणि होते तेही गमावले. उत्तर आयर्लंडच्या युनियनिस्ट पक्षाच्या दहा सभासदांवर त्यांचे सरकार टेकून राहिले, आणि तेथेच सारा गुंता बसला.

तो गुंता असा. आयर्लंडच्या बेटावर सुमारे ५०० किलोमीटरची सरहद्द आहे. ती शेतांतून, गावांतून आणि काही ठिकाणी घरांच्या परसांतून जाते. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिच्यावरची ठाणी आणि पहारे गेले आणि तीस वर्षांचा रक्तपात थांबला. आता ब्रिटनने जकातसंघ सोडला की ती युरोपीय संघाची बाह्य सीमा होणार. सीमा म्हटली की तपासणी, तपासणी म्हटली की नाके. नाके नकोत तर उत्तर आयर्लंडला युरोपच्या नियमांखाली ठेवून मधल्या समुद्रात तपासणी करावी लागेल. परंतु मग ब्रिटनच्या दोन भागांत सीमा पडते, आणि ते त्या दहा सभासदांना विषासमान. तेही नको तर अवघ्या ब्रिटनने जकातसंघात राहावे. परंतु मग सोडले काय? जकातसंघ सोडणे, जमिनीवर नाका नसणे आणि समुद्रात नाका नसणे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळणे अशक्य होते, आणि मे यांच्या पक्षाला तिन्ही हव्या होत्या. जॉन मेजर आणि टोनी ब्लेअर या दोघा माजी पंतप्रधानांनी मतदानापूर्वी डेरी येथे एकत्र जाऊन हा धोका बोलून दाखविला होता. इंग्लंडात त्यांचे कोणी ऐकले नाही. सरहद्द ही ज्यांच्या दारातून जात नाही त्यांना ती नकाशावरची रेघ वाटते. बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना हे अधिक सांगावयास नको.

मे यांनी घडवून आणलेल्या करारात या पेचावर तात्पुरत्या हमीची पट्टी बांधली होती. १२ डिसेंबर २०१८ रोजी त्यांच्याच सभासदांनी पत्रे धाडून विश्वासाचे मतदान घडविले. २०० विरुद्ध ११७ मतांनी त्या तरल्या. १५ जानेवारी २०१९ रोजी करार सभागृहापुढे आला आणि ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. आधुनिक काळात कोणत्याही सरकारचा एवढा मोठा पराभव झाला नव्हता. विरुद्ध मत देणाऱ्यांत हुजूर पक्षाचेच ११८ सभासद होते. आणि दुसऱ्याच दिवशी अविश्वासाच्या ठरावावर तेच सभासद सरकारच्या बाजूने उभे राहिले. करार नको, निवडणूकही नको. मार्चमध्ये तो आणखी दोनदा पडला. दरम्यान स्पीकर बर्को यांनी १६०४ सालापासूनचा संकेत उकरून काढून, एकाच अधिवेशनात तोच प्रश्न पुनःपुन्हा आणता येणार नाही असे बजावले. सभागृहाने स्वतः आठ पर्यायांवर मतदान घेतले. आठही फेटाळले गेले. येथे सभागृहाला हसणे सोपे आहे. परंतु लोकांनी दिलेल्या एका शब्दाच्या आज्ञेला अर्थ देण्याचे काम त्याच्यावर येऊन पडले होते, आणि प्रत्येक सभासद आपल्या मतदारसंघातला अर्थ घेऊन आला होता.

मे गेल्या. जुलै २०१९ मध्ये सुमारे १ लाख ६० हजार वर्गणीदारांच्या मतदानातून जॉन्सन निवडले जाऊन पंतप्रधान झाले. सप्टेंबरात त्यांनी विरुद्ध मत देणाऱ्या २१ सभासदांची पक्षातून उचलबांगडी केली. त्यांत दोन माजी अर्थमंत्री आणि चर्चिलचा नातू होता. निवडणूक मागावी तर २०११ च्या कायद्याप्रमाणे दोनतृतीयांश मते हवीत, ती मिळेनात. त्याआधीच त्यांनी राणीला सल्ला देऊन पार्लमेंटची पाच आठवड्यांसाठी सत्रसमाप्ती करविली होती.

२४ सप्टेंबर २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल माझ्या मते या सर्व प्रकरणातला सर्वांत टिकाऊ दस्तऐवज आहे. लेडी हेल आणि त्यांचे दहा सहकारी, अकराही जण एकमताने बोलले. पंतप्रधानाच्या मनात काय होते याच्या खोलात ते गेले नाहीत. सल्ल्याचा परिणाम काय झाला एवढेच त्यांनी पाहिले. राजाला कायद्याने दिलेल्यापलीकडे खास अधिकार नाही, हे १६१० साली सर एडवर्ड कोक यांनी जेम्स राजाला ऐकविलेले वचन त्यांनी पायाशी घेतले. पार्लमेंटला आपले काम करू न देणारी सत्रसमाप्ती सबळ कारणावाचून करता येत नाही. कारण दाखविलेले नाही. सबब ती झालीच नाही, असा निकाल. राणीच्या आयुक्तांनी वाचलेला हुकूम कोऱ्या कागदासारखा ठरला. आमच्याकडे घटनेच्या ८५ व्या कलमाने दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू नये एवढेच बंधन लिहून ठेवले आहे. ज्यांच्याकडे काहीच लिहिलेले नाही त्यांच्या कोर्टाने त्यापुढे पाऊल टाकले, हे आमच्या वकीलवर्गाने जरा सावकाश वाचण्यासारखे आहे.

पुढचे थोडक्यात सांगतो. जॉन्सन यांनी समुद्रातली सीमा पत्करली, युनियनिस्टांना वाऱ्यावर सोडले, १२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत ८० चे आधिक्य मिळविले आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन सत्तेचाळीस वर्षांनी बाहेर पडले. त्याच जॉन्सनना जुलै २०२२ मध्ये त्यांच्याच मंत्र्यांनी घालविले. वर्गणीदारांनी निवडलेल्या लिझ ट्रस ४९ दिवस टिकल्या. त्यांच्यामागून ऋषी सुनक आले ते वर्गणीदारांच्या मतदानावाचूनच. ४ जुलै २०२४ रोजी हुजूर पक्षाला १२१ जागा मिळाल्या, त्याच्या इतिहासातल्या सर्वांत कमी. पक्ष एकसंध राहावा म्हणून घेतलेल्या कौलापासून हे आठवे वर्ष आणि पाचवा पंतप्रधान.

या प्रकरणात आपल्या माणसांचे काय झाले? १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्वाची वाट ठेवतो. त्या वाटेने हजारो गोवेकर पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडात गेले आणि स्विंडन, साउथॉलसारख्या ठिकाणी गुदामांत, कारखान्यांत, इस्पितळांत कामाला लागले. २०१६ च्या मतदारयादीचा नियम मोठा चमत्कारिक होता. राष्ट्रकुलातील देशांचे तेथे राहणारे नागरिक मत देऊ शकत होते. युरोपीय संघाचे नागरिक, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस वगळता, देऊ शकत नव्हते. म्हणजे स्विंडनला एकाच घरात राहणाऱ्या दोघा गोवेकर भावांपैकी भारतीय पासपोर्टवाल्याला मत होते आणि पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला, ज्याचे तेथील राहणेच पणाला लागले होते, त्याला नव्हते. स्विंडनने ५४ टक्क्यांहून अधिक मतांनी सोडण्याचा कौल दिला. जे ३१ डिसेंबर २०२० पूर्वी तेथे वसले होते त्यांना अर्ज करून राहण्याचा हक्क मिळविता आला. अर्जाची सर्वसाधारण मुदत ३० जून २०२१ ला संपली. त्यानंतर नव्याने जाणाऱ्याला तो पासपोर्ट इंग्लंडात नोकरी देत नाही. डब्लिनला देतो. तेथे राहणारा गोवेकर सकाळी बसने उत्तरेकडे निघाला तर न्यूरीपर्यंत त्याला एकही नाका लागणार नाही. न्यूरीत काम करावयाचे म्हटले तर मात्र लंडनचा परवाना लागेल.